आमच्या मुलीचे 2 लाख आमच्या संकोचात गेले

मंडळी, हे लिहू की नको असं आठवडाभर चाललं होतं. परवा इथे इंदूरच्या रामबागेत एकीच्या घरी चैत्रातल्या हळदीकुंकवाला गेले होते, आंब्याची डाळ पन्हं सगळं झालं आणि गप्पा मुलांवर आल्या, चौघींकडे बारावीची मुलं. मी सहज म्हटलं स्कॉलरशिपचं बघून ठेवलंय का गं, तर सगळ्यांचं एकच उत्तर, "आपलं कुठे बसतंय त्यात, ते गरिबांचं असतं." मी तिथे काही बोलले नाही पण घरी आल्यावर झोप लागेना, कारण अगदी हेच वाक्य 2020 मध्ये माझ्या तोंडी होतं.

तेव्हा मोठीची इंजिनिअरिंगला अॅडमिशन झाली होती. ह्यांची प्रायव्हेट नोकरी, वर्षाचं उत्पन्न 7 लाखांच्या आत, म्हणजे उपाशी नाही पण फी भरताना एफडी मोडायचीच. मुलींसाठी एआयसीटीईची, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेची, प्रगती स्कॉलरशिप आहे, वर्षाला 50 हजार, उत्पन्नाची मर्यादा 8 लाख, एका घरातल्या दोन मुलींना मिळू शकते आणि निवड मार्कांवर होते. तिला मार्क भरपूर होते. आम्ही फॉर्मच भरला नाही! दुसऱ्या वर्षाला गेल्यावर तिच्या मैत्रिणीच्या खात्यात पैसे आले तेव्हा कळलं, आणि तोवर उशीर झाला होता कारण अर्ज पहिल्याच वर्षी करायचा असतो, किंवा डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्या मुलींनी त्या वर्षी. चार वर्षांचे 2 लाख. पोरगी एका शब्दाने काही बोलली नाही, तेच मला जास्त लागलं.

खरं सांगू का, माहिती नव्हती हे अर्धंच खरं आहे. कुणीतरी सांगितलं होतं आणि घरात विषयही निघाला होता, तेव्हा सासूबाई म्हणाल्या की आपल्या घरात आजवर कुणी कुणापुढे हात पसरले नाहीत, आणि मलाही ते पटलं. पण त्याच घरात आजेसासऱ्यांची गोष्ट किती अभिमानाने सांगतात, ग्वाल्हेरला वार लावून शिकले, सोमवारी एकाकडे जेवायचं मंगळवारी दुसऱ्याकडे, आणि तसेच शिकून पुढे नोकरीला लागले. मग ते हात पसरणं नव्हतं तर मुलीने स्वतःच्या मार्कांवर मिळवायची स्कॉलरशिप हात पसरणं कसं झालं? आपल्यापासून तासाभरावर महू आहे, तिथे जन्मलेले बाबासाहेब 1913 साली कोलंबियाला गेले ते सयाजीराव गायकवाडांच्या बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर, महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं, आणि परत येऊन दहा वर्षं संस्थानची नोकरी करायची असा करार. त्याला भीक म्हणेल का कुणी? तो करार होता, दोन्ही बाजूंनी अटी होत्या.

आणि अटींवरूनच मुलाचं सांगते. त्याच्या वेळी आम्ही जागे होतो. जेईई झाली आणि फोनवर फोन सुरू, एका प्रायव्हेट कॉलेजमधून तर ऑफर लेटरच आलं, "मेरिट स्कॉलरशिप 50 टक्के", तीन दिवसांत 25 हजार भरून सीट बुक करा. घरात सगळे खूश. मी त्यांना म्हटलं अटी लेखी पाठवा, तर दोन दिवस टाळाटाळ, मग पीडीएफ आली. सूट फक्त ट्यूशन फीवर आणि पहिल्या वर्षी, पुढे दरवर्षी साडेआठ सीजीपीए (दहापैकी सरासरी ग्रेड) असेल तरच, एकदा घसरलं की कायमची बंद. फी वर्षाला 2 लाख 20 हजार. म्हणजे पहिलं वर्ष 1 लाख 10 हजार आणि सीजीपीए नाही टिकला तर पुढची तीन वर्षं पूर्ण, एकूण 7 लाख 70 हजार. दुसरं कॉलेज एक रुपया सूट देत नव्हतं पण फीच 1 लाख 30 हजार, चार वर्षांचे 5 लाख 20 हजार, आणि तीच ब्रांच. सूट किती टक्के हे विचारूच नका हो, चार वर्षांत खिशातून एकूण किती जाणार ते विचारा, सीजीपीए टिकला नाही असं धरून, आणि लेखी घ्या.

दुसऱ्या कॉलेजचे 5 लाख 20 हजारही शेवटी भरावे लागले नाहीत, कारण आपल्या एमपीची मुख्यमंत्री मेधावी विद्यार्थी योजना. 2017 पासून आहे, तरी आपल्या मराठी घरांमध्ये फॉर्म भरणारे मला कमीच दिसतात. एमपी बोर्डाला 70 टक्के किंवा सीबीएसईला 85 टक्के, मूल निवासी म्हणजे कायमचे रहिवासी एमपीचे, उत्पन्न आधी 6 लाखांपर्यंत होतं ते 8 लाख केलं. इंजिनिअरिंगला जेईई मेनमध्ये दीड लाखाच्या आत रँक लागते. लोकांना वाटतं रँक हजारात पाहिजे, नाही हो, दीड लाख! सरकारी कॉलेजला पूर्ण फी, प्रायव्हेटला दीड लाख किंवा प्रत्यक्ष फी यातलं जे कमी असेल ते. आमच्या पोराला सीबीएसईत 88 टक्के आणि रँक 1 लाख 12 हजार, त्याला कुणी टॉपर म्हणणार नाही, तरी मिळालं.

बीएससीला जाणाऱ्यांना तर लोक बिचारा म्हणतात, पण बोर्डात वरच्या 1 टक्क्यात असलेल्यांना बेसिक सायन्स शिकायला केंद्राच्या इन्स्पायर स्कॉलरशिपचे वर्षाला 80 हजार असतात, त्यातले 20 हजार समर प्रोजेक्टचे. आयआयटीच्या फीचा आकडा ऐकून घाबरणाऱ्यांसाठी, घरचं उत्पन्न 1 लाखाच्या आत असेल तर ट्यूशन फी पूर्ण माफ, 1 ते 5 लाखांत दोन तृतीयांश माफ. उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत आणि बोर्डात 80 पर्सेंटाइलच्या वर, म्हणजे वरच्या 20 टक्के मुलांत, असेल तर केंद्राचे ग्रॅज्युएशनला वर्षाला 12 हजार आहेत, पण दुसरी स्कॉलरशिप किंवा फीमाफी घेत असाल तर ते मिळत नाहीत, म्हणून आधी बसून बघा कुठलं जास्त फायद्याचं.

आता कागदांचं, कारण अर्धे फॉर्म तिथेच अडकतात. आय म्हणजे उत्पन्नाचं प्रमाणपत्र आणि मूल निवासीचं प्रमाणपत्र लोकसेवा केंद्रातून आत्ताच काढून ठेवा, रिझल्टनंतर तिथे पाय ठेवायला जागा नसते. समग्र आयडी (एमपी सरकारचा कुटुंब-ओळख नंबर), आधार आणि मार्कशीट तिन्हींवर नावाचं स्पेलिंग सारखं आहे का ते बघा, आपल्या आडनावांचं तर हिंदीत हमखास काहीतरी वेगळंच होतं. आणि मुलांचं खातं आधारला नुसतं लिंक असून चालत नाही, सीडिंग लागतं, म्हणजे सरकारी पैसा आधारवरून त्याच खात्यात पडेल अशी नोंद. ती बँकेत फॉर्म देऊन करावी लागते. आमच्या ओळखीत एकाचं सगळं मंजूर झालं आणि पैसे भलत्याच जुन्या खात्यात गेले, ते खातं बंद होतं, सहा महिने नुसते चकरा.

आमच्याकडे स्वयंपाकाला येतात त्या ताईंची मुलगी यंदा बारावीला आहे, दहावीही सरकारी शाळेतूनच केलीय. अशा मुलींना कॉलेजसाठी अझीम प्रेमजी स्कॉलरशिप आहे, वर्षाला 30 हजार. ताईंना कुणीच सांगितलं नव्हतं, मी सांगितलं तर आधी विश्वासच बसेना, मग विचारलं, "परत द्यावे लागतील का?" म्हटलं नाही हो ताई, लोन नाहीये ते. उद्या साडेदहाला मी त्यांच्या मुलीला घेऊन सुदामा नगरच्या आमच्या बँकेत जातेय सीडिंगचा फॉर्म द्यायला. हळदीकुंकवातल्या चौघींनाही मेसेज केलाय, दोघी येतायत. अजून कुणाला मुलांचं करून घ्यायचं असेल तर आधार आणि पासबुक घेऊन या, मी बाहेरच उभी असेन.