स्टिकर लावायला दुसरी जागा मिळत नाही का?

नव्या स्टीलच्या डब्यावर, तेही ऐन दर्शनी भागात, एवढा चिवट स्टिकर कशाला? तळाला लावा ना! कागद निघतो, गोंद राहतो, त्यावर धूळ बसून काळा चट्टा पडतो. मग लोक तारेची घासणी घेतात आणि चकाकी कायमची जाते.

अहो, हेअर ड्रायरने अर्धा-एक मिनिट गरम करा, कोपरा नखाने उचला, स्टिकर मागे दुमडून सावकाश ओढा. उरलेल्या गोंदावर खोबरेल तेल चोळून 15 मिनिटं थांबा. गोंदाच्या वळ्या होऊन सुटतात. मग भांड्यांचा साबण लावून धुवा.

लाकडाचं दुखणं वेगळं. नेलपॉलिश रिमूव्हर तिथे अजिबात नको, त्यातलं ॲसिटोन लॅकर, म्हणजे वरचा पारदर्शक चकचकीत थर, खातं. चपड्याच्या, म्हणजे लाखेच्या, पॉलिशला स्पिरिटही नको, कारण चपडा स्पिरिटमध्येच विरघळवतात. ड्रायरच्या आचेनेही तो मऊ पडतो. मिनरल टर्पेंटाइन (रंग पातळ करायला वापरतात ते) फडक्याला जरासं लावा, आधी आतल्या बाजूला तपासा, गॅसपासून लांब. कोऱ्या लाकडाला तर तेलही लावू नका, डाग आत मुरतो. आणि लॅकर दिलेल्या पितळी मुठीवरही रिमूव्हर फिरवतात! लॅकर गेलं की पितळ काळवंडणारच.