दिल्लीला एक, मुंबईला दुसरा आणि वॉर्डात तिसराच

महापालिकेची निवडणूक लागलेली, १५ जानेवारी २०२६ ला मतदान, आणि पुण्यातले मित्र फोन करून विचारायचे की काय रे सांगली आता पूर्ण भाजपची झाली ना. मी कॉलेजला होतो तेव्हा बाहेरचे लोक असंच ठामपणे म्हणायचे, तुमची सांगली काय, काँग्रेसचीच. तेव्हाही पटत नव्हतं, आताही पटत नाही.

आमच्या गावभागातल्या घरातलंच सांगतो. वडील लोकसभेला कायम हात. वसंतदादांचं घर, विषय संपला. १९४३ साली दादांनी सांगलीचा तुरुंग कसा फोडला, खांद्यात गोळी कशी लागली, हे आम्ही जेवताना किती वेळा ऐकलं असेल. आणि हाच माणूस विधानसभेला चक्रावर शिक्का मारायचा. संभाजीआप्पा पवार, पैलवान, आधी जनता पक्ष, मग जनता दल. १९८६ ची पोटनिवडणूक जिंकले, मग ९० ला, मग ९५ ला पण. बघा म्हणजे, लोकसभेला १९६२ पासून २०१४ पर्यंत सांगलीत काँग्रेस हरली नाही आणि त्यातली जवळजवळ तेरा वर्षं शहराचा आमदार मात्र विरोधातला. वडिलांना विचारलं तर म्हणायचे, दिल्लीत दादांच्या घराचं वजन आहे, इथं रात्री दार वाजवायला आप्पा बरा. मला हे आजही शहाणपणाचं मत वाटतं. पुढं २००९ ला तेच आप्पा कमळावर निवडून आले, वडिलांनी चिन्हाकडं बघितलंसुद्धा नाही.

जातीचं गणित नसतं असं मी म्हणत नाही. मराठा, जैन, लिंगायत, मुस्लिम, ब्राह्मण, धनगर, दलित, सगळे आहेत इथं आणि प्रत्येक उमेदवाराच्या खिशात त्याचा कागद असतो. २०१९ ला लोकसभेला धनगर समाजाचे नेते गोपीचंद पडळकरांनी वंचितकडून ३ लाखांच्या वर मतं घेतली ती काय हवेतून नाही आली. पण नुसत्या त्या कागदावर सांगली कळत नाही. २०२४ चंच घ्या. आघाडीनं जागा ठाकरेंच्या शिवसेनेला सोडली, चंद्रहार पाटील उभे राहिले, डबल महाराष्ट्र केसरी, पण लोकांनी दादांचे नातू, अपक्ष विशाल पाटलांचा लिफाफा शोधून शोधून दाबला आणि लाखाच्या वर लीड दिलं. वरून ठरवून पाठवलेलं इथं चालत नाही. आणि सहाच महिन्यांनी विधानसभेला शहरात भाजपचे सुधीर गाडगीळ तिसऱ्यांदा निवडून आले, २०१९ ला ७ हजारांच्या आत असलेलं लीड ३६ हजारांवर गेलं. काँग्रेसचे पृथ्वीराज पाटील एकीकडं, बंडखोर जयश्री पाटील दुसरीकडं, मतं फुटली हे खरंच, पण लाडकी बहीणचे पैसे खात्यावर आल्याचं आमच्या गल्लीतल्या बायका बोलत होत्या ते पण खरं.

आता वॉर्डाचं. २०१९ च्या पुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी ५७ फुटांवर गेलेलं, धोक्याची पातळी ४५ ची. आमच्या घरात माळ्याच्या पायऱ्यांपर्यंत पाणी. आईला होडीतून बाहेर काढलं ते तालमीतल्या पोरांनी, त्यातले दोघं कमळाचे, एक घड्याळाचा, एक कुणाचाच नाही. आई वॉर्डात त्या पोरांपैकी जो उभा राहील किंवा ज्याचं काम करेल त्यालाच देते, पक्ष विचारत नाही. बाहेरून बघणारा याला भाजपची लाट म्हणेल नाहीतर राष्ट्रवादीची, आईच्या डोक्यात फक्त होडी आहे.

मला खरा त्रास होतो तो यापुढच्या गोष्टीचा. इतकं तोलून मत द्यायचं आणि मग नेत्यांनी त्याचं काय करायचं? २०१८ ला महापालिकेत ७८ पैकी ४१ जागा भाजपला दिल्या आणि २०२१ मध्ये महापौर झाला राष्ट्रवादीचा, भाजपचेच नगरसेवक फुटले. विधानसभेला गाडगीळांच्या विरोधात मतं मागणारे दोन मोठे उमेदवार, दोघंही २०२५ मध्ये भाजपमध्ये गेले. ज्यांनी भर उन्हात रांगेत उभं राहून विरोधात मत दिलं त्यांना कुणी विचारलं? मी कुठल्या एका पक्षाची बाजू घेत नाहीय, २०१८ ला ज्यांनी कमळाला दिलं होतं त्यांचं पण २०२१ मध्ये असंच झालं. वर ऑगस्ट २०२३ पासून या निवडणुकीपर्यंत महापालिकेत प्रशासक, म्हणजे पुराचं पाणी किती फुटांवर गेलं ते बघत रात्र काढायची तेव्हा फोन करायला हक्काचा नगरसेवकच नव्हता.

प्रचारात एक उमेदवार घरी आला, पाया पडला, गटारीचं बोलला. आईनं चहा दिला आणि विचारलं, "बाळा, पाच वर्षं याच पक्षात राहशील का?" तो म्हणाला, "काकी, वरचे काय ठरवतील त्यावर आहे." आईनं पत्रक घेतलं आणि देवघराशेजारच्या फळीवर ठेवलं. तिथं तेव्हा चार पक्षांची पत्रकं होती, सगळ्यांना ती हेच विचारणार होती. तुमच्या दारात येतील तेव्हा तुम्हीपण विचारा आणि काय उत्तर मिळालं ते खाली लिहा, मला खरंच वाचायचंय.