गोयीले कसं समजस?

दाढ ठणकत असलेल्या माणसाला बोलायला लावू नये, हे अमळनेर स्टँडसमोरच्या मेडिकलच्या पायरीवर ठाण मांडून बसलेल्या आबांना कुणी सांगितलेलं नाही. मी आयब्युप्रोफेनची ४०० मिलिग्रॅमची गोळी गिळतोय, तोच ते म्हणाले, "गोयी गई पोटमा. तिले कसं समजस, दाढ कोठे शे?"

"नाही समजत, आबा. रक्तातून अंगभर फिरते. पायाच्या अंगठ्यातही जाते."

"मंग अंगठाना पैसा वाया गया!"

आता सुजल्या गालाने काय काय सांगायचं? दाढेतला मगज सुजला की तिथल्या पेशी कॉक्स नावाच्या विकराकरवी प्रोस्टाग्लँडिन हे रसायन तयार करतात. त्याने मज्जातंतूंची टोकं नुसती चिडखोर होतात. त्यांच्यावरचं उष्णता ओळखणारं टीआरपीव्ही१ हे दार एरवी ४३ अंशांच्या आसपास उघडतं. मग ते कोमट चहालाही बोंब ठोकतं. गोळी फक्त कॉक्सला अडवते. तंतू बधिर करणं तिचं काम नव्हे; ते डॉक्टरांच्या सुईतलं लिग्नोकेन करतं. म्हणून गिळल्यावर अर्धा-पाऊण तास कळ काढावीच लागते. याच जातीच्या ॲस्पिरिनची ही करामत ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये उलगडली, १९८२ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. त्यांना बहुधा पायरीवर कुणी भेटलं नसावं.

"त्यापेक्षा मिरची चाव," आबा म्हणाले.

संताप याचा की म्हातारा अगदीच चूक नव्हता. मिरचीतलं कॅप्साइसिन तेच दार उघडतं, आणि रोज चोळत राहिलं तर तंतू थकून गप्प होतात. त्याची मलमं मिळतात. पण ती धड कातडीवर लावायची, सुजल्या हिरडीवर नाही!

मग आबांनी बंडीतल्या कागदाच्या पुडीतून आणखी एक गोळी काढली. "हाई बी खाय. दोन्ही संगे."

इथे मात्र हसू येत नाही. एकाच जातीच्या, म्हणजे कॉक्सलाच अडवणाऱ्या, दोन गोळ्यांनी आराम दुप्पट होत नाही, जठराचं नुकसान वाढतं. कारण जठराचं अस्तर जपणारं आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा सांभाळणारंही प्रोस्टाग्लँडिनच. मे महिन्यात, घाम गाळून अंगातलं पाणी आटलेलं असताना, मूत्रपिंड त्याच्याच भरवशावर असतं. आणि आपल्याकडे पोटात काही नसताना, पाणीही न पिता, कंबर दुखली की गोळी! ती कोणती, हेही कळत नाही, कारण दुकानदार कात्रीने दोन कापून देतो. नाव आणि मुदत त्याच्याकडच्या तुकड्यावर.

"आबा, हिचं नाव काय?"

"दुखानी गोयी."

"अहो, पण नाव?"

"पांढरी शे ना!"