एम-२० कशी विसरलात?
ट्रायम्फ, नॉर्टन या ब्रिटिश मोटरसायकलींवरचा तुमचा लेख आवडला, पण त्यात बीएसए कंपनीची एम-२० राहूनच गेली! दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यासाठी सव्वा लाखाच्या वर बनल्या होत्या. आमच्या मोठेबाबांनी लिलावातली एक आर्वीला आणलेली. ५०० सीसी, साइड व्हॉल्व्ह (म्हणजे व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला), गिअर उजव्या पायात. सुरू करायचं म्हणजे पूजाच: आधी कार्ब्युरेटरचं टिकलर, म्हणजे त्यावरचं छोटं बटण, दाबायचं, बोटाला पेट्रोल लागेपर्यंत. मग हँडलवरचा, स्पार्कची वेळ मागे-पुढे करणारा खटका मागे घ्यायचा, व्हॉल्व्ह लिफ्टर (सिलिंडरमधला दाब सोडणारा खटका) दाबून पिस्टन जागेवर आणायचा आणि अख्खं वजन टाकून किक. स्पार्कचा खटका मागे घ्यायचा राहिला की किक उलटी पोटरीवर. पुलगावच्या रस्त्यानं कापसाच्या बंड्या मागे टाकताना तिचा तो संथ ठोका, अहाहा! विदर्भात कोणाकडे चालू एम-२० असेल तर सांगा, बघायला नक्की येतो.