मान घट्ट, आसन ढिलं

ज्या गावात नळाला रोज पाणी येत नाही, त्या गावातल्या माणसानं पाण्यात उतरून कोरडं राहण्यासाठी पैसे साठवावेत, हे आमच्या हिला अजून पटलेलं नाही. "कोरडंच राहायचंय तर घरी बसा की," म्हणते. यावर काय बोलणार?

हे खूळ तारकर्लीला स्कूबा शिकताना लागलं. तिथल्या पाण्याला वेटसूट पुरतो. पाणी थोडं आत शिरतं आणि अंगाच्या उबेनं कोमट होतं. पण मला जायचंय आइसलँडच्या सिल्फ्राला. उत्तर अमेरिका आणि युरेशिया या दोन भूपट्टांमधली ती भेग, त्यात हिमनदीचं वितळलेलं पाणी आणि वर्षभर तापमान २ ते ४ अंश. तिथं ड्रायसूट हवाच. मनगटाला आणि मानेला लॅटेक्सच्या घट्ट पट्ट्या, आत उबदार कपडे, मध्ये हवा, आणि पाण्याला प्रवेश बंद.

तयार सूट बघितले. ते सहा फुटी, सपाट पोटाच्या माणसावर बेतलेले. माझी उंची ५ फूट ४ इंच आणि पोट शेंगाचटणी-कडक भाकरीवर पोसलेलं. पोटाला जुळणारा सूट घेतला की पायाशी वीतभर लोंबतो. नुसता वाईट दिसला असता तर चाललं असतं, पँट दुमडून शाळेत गेलेली आमची पिढी. पण ड्रायसूटमध्ये ढिलं कापड म्हणजे जास्तीची हवा. डोकं खाली झालं की ती पायांकडे धावते आणि माणूस गड्ड्याच्या जत्रेतल्या सुटलेल्या फुग्यासारखा पाय वर करून निघतो. बरं, आवळ घ्यावा, तर आतले कपडे मावत नाहीत आणि पाठीवरच्या सिलिंडरच्या व्हॉल्व्हला हात पोचत नाही.

म्हणून मापाचा शिवून घ्यायचं ठरवलं. परदेशी कंपनीनं मापांचा लांबलचक तक्ता पाठवला. सोलापुरात युनिफॉर्म शिवणाऱ्यांची काय कमी! नवी पेठेजवळच्या आमच्या मास्तरांकडे गेलो. निम्म्या शहराची छाती-कंबर त्यांना तोंडपाठ.

"पाण्यात जायला एवढं कशाला घालालाव सर?" त्यांनी टेप गळ्यात टाकत विचारलं.

छाती, बाही, मुंढा सुरळीत झालं. गळ्याशी त्यांनी सवयीनं टेपमध्ये दोन बोटं घातली.

"बोटं नकोत मास्तर."

"आवळंल की ओ."

"आवळायलाच पाहिजे. नाहीतर पाणी शिरतं."

त्यांनी वहीत गळ्याचं माप लिहिलं आणि पुढं लिहिलं, 'गिऱ्हाईकाच्या जबाबदारीवर'.

मग आलं ते माप. खांद्यापासून पुढून खाली, दोन्ही पायांमधून मागं, आणि पाठीवरून परत त्याच खांद्यावर. ड्रायसूटचा सगळा जीव या मापात. हे चुकलं की माणूस वाकू शकत नाही. मास्तरांनी तक्त्यावरचं चित्र उलटसुलट करून पाहिलं. "हे माप आमी घेत नाही," ते म्हणाले. मग घटकाभर विचार करून त्यांनी काज करणाऱ्या पोराला हाक मारली आणि स्वतः रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. पोरगं टेप धरून हसत होतं. दुकानात शाळेचा गणवेश न्यायला आलेल्या एक बाई होत्या, त्या "नंतर येते" म्हणून गेल्या.

"आतून मार्जिन किती ठेवतात?" मास्तरांनी निघताना विचारलं.

"ठेवत नाहीत. शिवणीवर पाणी अडवणारी टेप चिकटवतात."

"मग पोट वाढलं तर?"

तक्त्यात हा रकाना नव्हता.

सूट आला तो मे महिन्यात. बाहेर ४३ अंश, आत फ्लीसचा जाड जामानिमा. मानेची पट्टी नवी आणि कडक, म्हणून रात्रभर स्टीलच्या डब्यावर ताणून ठेवायची होती. हिनं चटणीचा डबा पुढं केला. तेलानं लॅटेक्स खराब होतं म्हटल्यावर साखरेचा रिकामा करून दिला, पण काय पुटपुटली ते लिहिण्यासारखं नाही. पट्ट्यांना टाल्कम पावडर लावली, डोकं कसंबसं बाहेर काढलं. झिप खांद्यामागून आडवी, म्हणजे स्वतःच्या हातानं लागतच नाही. ती हिनं लावली. मग उकिडवं बसून, गुडघे पोटाशी घेऊन, मानेच्या पट्टीत बोट घालून आतली हवा सोडायची. तिचा जो आवाज झाला त्यावर वरच्या मजल्यावरून काकूंनी विचारलं, "काय ओ, बरं वाटंना का?"

पण बसता आलं! हात छातीवर आडवे गेले, मागं पोचले, पाय लोंबले नाहीत. इतकं बेतशीर तर माझ्या लग्नाचं जाकीटही नव्हतं.

तेवढ्यात फिटिंग बघायला मास्तर स्वतः आले. त्यांनी माझ्याभोवती एक फेरी मारली, काखेत चिमटीनं कापड धरलं आणि नाराजीनं मान हलवली.

"मुंढा उतरलाय. काढून द्या, उद्या संध्याकाळी देतो."

मी हिच्याकडे पाठ करून झिपसाठी थांबलो. घाम पाठीवरून मोज्यापर्यंत पोचला होता. ही म्हणाली, "थांबा जरा, आधी मास्तरांना चहा टाकते."