नवऱ्याची तपासणी झाली का?

आज तान्हा पोळा. पोट्टे लाकडी बैल सजवून दारोदार बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागत होते. माझ्या मावसबहिणीच्या दारात एक लेकरू थांबलं. ताई ओवाळायला ताट घेऊन आली, तर त्याच्या आजीनं दंड धरून त्याला ओढलं. "तिच्या हातचं नको रे बाप्पा, चाल पुढं."

तेव्हापासून डोकं फिरलंय माझं. ताईला मूल नाही, म्हणून हे. तिला विचारूनच लिहितेय.

पी. डी. जेम्स या इंग्लिश लेखिकेची 'द चिल्ड्रेन ऑफ मेन' ही १९९२ ची कादंबरी मध्यंतरी वाचली. त्यात १९९५ नंतर जगात मूलच जन्मलेलं नाही. बाया बाबागाडीत बाहुल्या फिरवतात, मांजरीच्या पिल्लांची बारशी करतात. एकही पोट्टं नसलेला तान्हा पोळा डोळ्यांपुढं आला आणि मला पुढं वाचवेना.

पण त्या कादंबरीत दोष पुरुषांच्या वीर्यात आहे. गोठवून ठेवलेलंसुद्धा निकामी झालेलं. २००६ मध्ये त्यावर पिक्चर आला, आणि त्यात वांझ कोण? बाया! काय अडलं होतं बदलायचं? पिक्चर चांगला आहे, मान्य. लेकराचं रडणं ऐकून सैनिक गोळीबार थांबवतात तिथं मीही रडले. तरी हे मला पटलेलं नाही.

कारण ताईचं मी बघितलंय. अंगारे, उपास, यवतमाळच्या चकरा, नळ्यांची तपासणी, पिशवी साफ करून झाली. भाऊजींना म्हटलं, तुम्हीही तपासून घ्या, तर म्हणाले, "मले काय धाड भरली?" एका डबीत नमुना द्यायचा असतो हो! तेवढं नाही झालं. घरात मात्र दुसरी करायची बोलणी सुरू, आणि ताई त्याच चुलीवर सगळ्यांच्या भाकरी थापतेय.

मार्गारेट ॲटवूडच्या १९८५ च्या 'द हँडमेड्स टेल' या कादंबरीत गिलियड नावाचं राज्य आहे. विषानं, किरणोत्सर्गानं तिथं लेकरं होणं कमी झालंय. पण पुरुषात दोष असू शकतो असं म्हणायचीच बंदी. बाई फळली किंवा वांझ, एवढंच. आमच्याकडं असा कायदा कोणाला लिहावाही लागला नाही. २०१७ मध्ये आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषानं माणसं मेली. तेच औषध अंगावर घेऊन राबणाऱ्या पुरुषाच्या शरीरात आणखी काय होत असेल, हे विचारायचं सोडून आपण बाईच्या पोटाकडं बघतो.

त्या आजीचा राग लिहितालिहिता जरा उतरला. चार पोरी होईपर्यंत तिच्या सासूनं तिला काय काय ऐकवलं, ते तिनंच मला सांगितलंय. रडली होती सांगताना. मग आज तिचा हात कसा उठला? नाही, नाही उतरला राग.

मूल न होणाऱ्या जोडप्यांत जवळपास निम्म्या ठिकाणी पुरुषाकडचंही कारण असतं. माझ्या मित्रयादीत दारव्हा, आर्णी, यवतमाळचे डॉक्टर आहेत, त्यांना हे माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. त्यांना हात जोडून सांगते. बाई एकटी आली, सासूसोबत आली, तर आधी नवऱ्याला बोलवा. तो तपासणीला येत नाही तोवर तिची पिशवी साफ करू नका.