दोन मिनिटांचं तर काम आहे

अपघात आपोआप होतात, असं समजून कारखान्यातले पुष्कळ सुपरवायझर हातावर हात धरून बसतात. मग वर्षानुवर्षं काहीच घडत नाही आणि कपाटातले अपघात-अहवालाचे कोरे फॉर्म पिवळे पडतात. तुमच्या खात्यात असं व्हायला नको असेल, तर तयारी हवी. ती एकट्याने होत नाही, एका दिवसात तर नाहीच. पण मंत्र सोपा आहे. कोणी काही विचारलं की म्हणायचं, ‘दोन मिनिटांचं तर काम आहे!’

सुरुवात कोपऱ्यातल्या बेंच ग्राइंडरपासून, म्हणजे लोखंड घासायच्या फिरत्या चाकापासून करा. त्याला कोणी यंत्र म्हणून मोजतच नाही, हा त्याचा मोठा गुण. टूल रेस्ट (घासायचा तुकडा टेकवायची पट्टी) आणि चाक यांतली फट ३ मिलिमीटरच्या आत हवी, वरच्या झाकणाची सरकती जीभ चाकापासून ६ मिलिमीटरच्या आत हवी, असं जाणकार सांगतात. चाक वापरात झिजत जातं, म्हणजे अधूनमधून मशीन बंद करून बोल्ट सैल करायचे, रेस्ट पुढे सरकवायचा, पुन्हा आवळायचे. कुणी सांगितलीय उठाठेव? फट १२ मिलिमीटर होऊ द्या. मग कुणीतरी छोटा तुकडा घासायला आणेल, चाक त्याला खाली ओढेल, तुकडा फटीत पाचरीसारखा बसेल आणि चाक फुटेल. तुकड्यामागोमाग बोटंही त्याच फटीत जातात. त्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही.

नवं चाक बसवण्याआधी ते टांगून लाकडी मुठीने हलकेच ठोकायचं असतं. धड चाक खणखणतं, तडा गेलेलं बद्द वाजतं. तुमच्या खात्यात एवढा गोंगाट आहे की ऐकू येणारच नाही, तेव्हा तो प्रश्न मिटला. दोन्ही अंगांना लावायचे कागदी वॉशर पॅकिंगचा कचरा समजून फेकून द्या. त्यांच्यामुळे फ्लँजचा, म्हणजे चाक दोन्हीकडून धरणाऱ्या चकत्यांचा, दाब चाकावर सारखा पसरतो आणि आपल्याला तो एका जागी हवा आहे. नट आवळताना पान्याला पाइप लावा. मग चालू करताना माणूस बरोबर चाकासमोर उभा करा. बाजूला उभं राहून मिनिटभर रिकामं फिरवून बघणाऱ्यांना कामचुकार म्हणा.

हँड ग्राइंडरची गंमत आणखी सोपी आहे. चार इंची मशीनला सात इंची डिस्क लावायला सांगा. गार्ड, म्हणजे डिस्कवरचा संरक्षक पत्रा, आडवा येईल. काढून टाका, तो पुन्हा सापडणार नाही. अशी मशीन मिनिटाला साधारण ११,००० फेरे घेते. ८० मीटर प्रतिसेकंदाची मर्यादा छापलेल्या सात इंची डिस्कला जेमतेम ८,५०० फेरे झेपतात. ११,००० फेऱ्यांना तिची कड सेकंदाला १०० मीटरच्या पुढे जाते, म्हणजे ताशी ३६० किलोमीटरहून जास्त. एवढ्या वेगाने डिस्कचा तुकडा कुठे जातो, ते प्लास्टिकच्या चष्म्याला विचारू नका.

ड्रिलवर सुती हातमोजे सक्तीचे करा. धागा बिटला एकदा लागला की हातमोजा हाताला सोडत नाही आणि बिट हातमोज्याला. प्रेसला दोन्ही हातांनी दाबायची दोन बटणं असतात, जेणेकरून डाय (वरचा साचा) खाली येताना दोन्ही हात बाहेर राहावेत. त्यातलं एक बटण काडी खुपसून अडकवलं की एक हात मोकळा होतो आणि उत्पादन वाढतं. एखाद्या स्प्रिंगच्या जोरावर काडी निसटणार नाही ना, एवढीच काळजी तेवढी घ्या. काळजी घ्यायला इतरत्र वाव कमीच आहे.

आता दुरुस्ती. कन्व्हेयर अडकला की मेन स्विच पाडून त्याला कुलूप लावायचं, किल्ली खिशात ठेवायची. तीन माणसं आत हात घालणार असतील तर तीन कुलपं, आणि शेवटी स्टार्टचं बटण दाबून खरंच मेलंय ना ते बघायचं. यात वेळ जातो. त्यापेक्षा हेल्परला पॅनेलजवळ ‘बघत उभा राहा’ म्हणून सांगा. हेल्परला कधीतरी लघवीला जावंच लागतं. तेवढ्यात पाळी बदलते, नवा माणूस बंद मशीन बघतो आणि कर्तव्यतत्परतेने चालू करतो. चुकून कोणी स्विच पाडलाच, तर हिरमुसू नका. सिलिंडरमध्ये कोंडलेली हवा, वर अडकलेला प्रेसचा जड रॅम, ताणलेली स्प्रिंग, भरलेला कपॅसिटर यांना वीज गेल्याचं कोणी कळवलेलं नसतं.

पण खरी कारागिरी दिसते ती टाकीत. टाकी रिकामी आहे, धुतलेली आहे, झाकण उघडं आहे, म्हणजे आत हवा असणारच, असं ठणकावून सांगा. हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के असतो आणि १९.५ च्या खाली माणूस आत पाठवायचा नसतो. बंद टाकीतला नुसता गंजसुद्धा ऑक्सिजन खातो. मीटर वर, मध्ये आणि तळाशी लावायचा असतो, कारण मिथेन वर चढतो आणि हायड्रोजन सल्फाइड तळाशी बसतो. तुम्ही मीटर कपाटातच ठेवा आणि नाकावर भिस्त ठेवा. सडक्या अंड्यांचा वास आला आणि थोड्या वेळात गेला, तर ‘बघा, गॅस गेला’ म्हणा. साधारण १०० पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत गॅसचे १०० भाग) नाकच बधिर होतं; गेलेलं असतं ते नाक, गॅस नव्हे. आत कोंदट वाटत असेल तर वेल्डिंगच्या सिलिंडरमधला ऑक्सिजन सोडा. जरा तरतरी येते, शिवाय कपडे एका ठिणगीवर भडकायला तयार होतात.

पहिला माणूस कोसळला की तिवई, दोर, हार्नेस असलं काहीच जवळ नको. ते असलं तर बाहेरूनच ओढून काढता येतं आणि मोजणी एकावर थांबते. नसलं की दुसरा धावत आत उतरतो, मग त्याला काढायला तिसरा. माणसं मनाने चांगली असतात, हा या पद्धतीचा कणा आहे.

हे सगळं झालं की कपाटातला फॉर्म काढा. ‘अपघाताचे कारण’ या रकान्यात एकच ओळ असते. ‘रेस्टची फट १२ मिलिमीटर होती, सहा महिन्यांत कोणी मोजली नव्हती, गार्ड मी काढायला लावला होता’ हे त्यात मावत नाही. ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ बरोबर मावतं. सही करा. दोन मिनिटांचं तर काम आहे.